पाहावे किती, आणि कुणी?

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये, असा आपल्याकडे एक संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो, घरातली लहानथोर मंडळी तो आळीपाळीने चाळत असतात. अशा वेळी रुग्णालयाचा वास कुणाला हवा? हा संकेत मलाही मान्य आहे. तरी आज तो मोडतो आहे. कारण ज्या प्रश्नाविषयी मला लिहायचे आहे, तो रुग्णालयात सुरू झाला असला तरी रुग्णालयात संपत नाही. जी गोष्ट एकदा केली की मागे घेता येत नाही, ती करण्यापूर्वी माणसाने किती पाहून घ्यावे? आणि ते पाहण्याचा हक्क कुणाचा? घराघरांत रोज विचारला जावा असा हा प्रश्न आहे. आपण तो विचारत नाही इतकेच.

आबा म्हणजे माझे मामा. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी त्यांचे गाव. जमीन फडाच्या बागायतीतली. फडपद्धत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक, आणि पाणी कुणाला केव्हा द्यायचे हे शेतकऱ्यांनीच आपसांत ठरवायचे, अशी ही काही शतकांची जुनी व्यवस्था. पाणी प्रत्यक्ष सोडणाऱ्याला पाटकरी म्हणतात. आबा पुष्कळ वर्षे फडाच्या पंचांत होते. रात्री-अपरात्री कंदील घेऊन पाटकऱ्याबरोबर बांधावरून हिंडायचे. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले पाहिजे आणि शेजाऱ्याचे उभे पीक सडता कामा नये, ही दोन सूत्रे त्यांच्या अंगात भिनलेली.

२०२३ च्या उन्हाळ्यात आबांची पाठ दुखू लागली. शेतकऱ्याची पाठ दुखते, त्यात नवल ते काय? महिनाभर तेल चोळण्यात गेला. मग एके दिवशी जिना उतरताना पाय लटपटले. त्यांची मुलगी जळगावला असते; तिने त्यांना तिकडे नेऊन एमआरआय काढला. पाठीच्या आठव्या मणक्यात गाठ निघाली. ती मज्जारज्जूवर दाबत होती, आणि तिचे मूळ मूत्रपिंडात होते. आठ दिवसांच्या आत मुंबईला शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारदांनी मज्जारज्जूभोवतीची गाठ दूर केली आणि पोखरलेल्या मणक्याला आधार म्हणून वरच्या-खालच्या मणक्यांत टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांना दोन दांड्या जोडल्या. चौथ्या दिवशी आबा भिंत धरून उभे राहिले. आम्ही सर्वांनी मनातल्या मनात नारळ फोडला.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. आबांना आम्ही कर्करोगाचे काही सांगितले नव्हते. ‘हाड झिजले होते, ते बसवले’ असे सांगितले. ही कल्पना माझीच. मी पेशाने शिक्षक आणि नादाने कादंबरीकार; गोष्ट रचणे मला जमते, आणि घरातल्यांनीही ते काम माझ्याकडेच सोपवले.

तीन आठवड्यांनी जखम भरली आणि किरणोपचाराच्या नियोजनासाठी बोलावणे आले. ‘गाठ तर काढली, मग आता किरण कशाला?’ हा प्रश्न आमच्या घरात प्रत्येकाने विचारला. उत्तर असे की, अशा शस्त्रक्रियेत गाठ मुळासकट निघत नाही. तिचा हेतू मज्जारज्जूला श्वास घ्यायला जागा करून देण्याचा असतो. मागे उरलेल्या पेशींचा समाचार किरणांनी घ्यावयाचा असतो. दोन्हींची जोड किती मोलाची आहे, हे २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १०१ रुग्णांच्या तुलनेत दिसून आले. गाठीने मज्जारज्जू दाबला गेलेल्या या रुग्णांपैकी ज्यांना नुसते किरण दिले, त्यांतले ५७ टक्के उपचारानंतर चालू शकले. ज्यांची आधी शस्त्रक्रिया झाली आणि मग किरण मिळाले, त्यांतले ८४ टक्के.

किरणोपचार विभागातल्या डॉक्टर तरुण होत्या. मोजके आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी पहिलीच गोष्ट विचारली ती जळगावच्या एमआरआयची. आम्ही त्याचा कागद, म्हणजे लेखी अहवाल, पुढे केला. त्या म्हणाल्या, “मला कागद नको, चित्रे हवीत.” चित्रांची तबकडी जळगावला ताईच्या कपाटात होती. आम्हाला वाटले होते, गाठ काढल्यावर तिच्या जुन्या चित्रांचे काय काम? पण काम होते. शस्त्रक्रियेनंतर गाठीची जागा बदलून जाते, कडा पुसल्या जातात. किरण कोठे टाकायचे हे ठरवताना आज काय आहे एवढे पुरत नाही. पूर्वी रोग कोठवर पसरला होता हेही लागते. ताई त्याच रात्री तबकडी घेऊन गाडीत बसली.

मग डॉक्टरांनी संगणकावर आबांच्या पाठीचा सीटी स्कॅन दाखवला. मणक्यातल्या स्क्रूंभोवती पांढऱ्या-काळ्या रेघांचा नुसता स्फोट झाला होता. जणू कुणी चित्रावर खराट्याने चुना शिंपडला असावा. मधोमध जेथे मज्जारज्जू असावयाचा, तेथेच सर्वांत दाट धुके. “ज्या धातूने त्यांचा मणका उभा धरला आहे, तोच धातू मला मणक्याच्या आतले दिसू देत नाही,” त्या म्हणाल्या. दिव्याखाली अंधार ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा शिकवली असेल. तिचा अर्थ त्या दिवशी कळला.

ही अडचण नवी नाही. विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला आणि २२ डिसेंबरला त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे जगप्रसिद्ध चित्र घेतले. त्या चित्रात बोटांची हाडे दिसतात आणि एका बोटावर काळे कडे दिसते. ती अंगठी. जिवंत शरीराच्या आत डोकावणाऱ्या अगदी पहिल्या चित्रांतच धातूने आडवे येऊन आपली जागा अडवून ठेवली होती. अंगठीखालचे हाड त्या चित्रात दिसत नाही.

त्यानंतर सव्वाशे वर्षे माणूस पाहण्याच्या नवनव्या युक्त्या शोधत आला. क्ष-किरणांना हाडे दिसत, पण मज्जारज्जू दिसत नसे. १९२१ साली फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए या वैद्यांनी मज्जारज्जूच्या भोवतालच्या पोकळीत आयोडीनयुक्त तेल सोडून तो अडथळा कोठे आहे हे पाहण्याची पद्धत आणली. मायलोग्राम म्हणतात तो हाच. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले. या कामासाठी त्यांना आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे चुंबकाच्या साहाय्याने चित्र काढणारा एमआरआय आला, आणि लॉटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. आज या सर्व युक्त्या एकाच इमारतीत हारीने मांडलेल्या असतात. सर्वसामान्य माणसाला वाटते की यंत्र जितके नवे तितके त्याला अधिक दिसते, आणि सर्वांत महागड्याला सर्वच दिसते. तसे नाही. प्रत्येकाचे पाहणे निराळे आणि प्रत्येकाचे आंधळेपणही निराळे.

सीटीला पदार्थाची घनता कळते. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, अशा हाऊन्सफील्ड यांच्या मोजपट्टीवर तो शरीराचा प्रत्येक कण मोजतो. किरण शरीरात शिरल्यावर कोठे किती शोषले जातील याचे गणित या आकड्यांवरूनच मांडतात. म्हणून नियोजनासाठी सीटी टाळता येत नाही. पण मऊ मांसातला आणि मज्जारज्जूतला भेद त्याला नीट कळत नाही, आणि धातू समोर आला की त्याचे आकडेच खोटे पडतात. मग त्या रेघाळलेल्या जागेचे खरे आकडे नियोजन करणाऱ्यांना हाताने भरावे लागतात. एमआरआयला मज्जारज्जू स्वच्छ दिसतो, उरलेली गाठ ओळखता येते. पण धातूजवळ चुंबकाचे क्षेत्र वाकते, काही भाग काळा पडतो, आणि मुख्य म्हणजे उरलेले चित्र थोडेसे सरकते. काळा पडलेला भाग निदान आपले अज्ञान कबूल करतो; सरकलेले चित्र मात्र स्वच्छ दिसते आणि चुकीची जागा दाखवते. टायटॅनियममुळे हा त्रास पोलादाहून कमी होतो, पण होतोच. कार्बनच्या धाग्यांचे स्क्रू असतात, त्यांनी चित्र फारसे बिघडत नाही. पण ते महाग, आणि ते बसवावयाचे की नाही हे शस्त्रक्रियेच्या आधी ठरवावे लागते. आमची ती वेळ गेली होती.

उरला मायलोग्राम. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली, कमरेत, सुई घालायची. भोवतालच्या पाण्यात आयोडीनयुक्त औषध सोडायचे. आणि लगेच सीटी काढायचा. औषधाने पाणी पांढरे उजळते आणि त्या उजेडात मज्जारज्जूची काळसर सावली उमटते. धातूच्या गर्दीतही ती बहुधा ओळखू येते. मात्र ही सुई आहे. नंतर डोके दुखते, क्वचित त्याहून वाईटही होते. आणि पाठीवर तीन आठवड्यांपूर्वीचे टाके असलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर पालथे घालायचे.

डॉक्टरांनी आमच्यापुढे तीन वाटा ठेवल्या. आहे त्या सीटीवर, जळगावच्या जुन्या एमआरआयच्या मदतीने अंदाज बांधायचा. किंवा धातूसाठी वेगळी मांडणी करून नवा एमआरआय काढायचा. आणि त्यातही मज्जारज्जूची कड दिसली नाही तर मायलोग्राम करायचा.

आमच्या मंडळींचे मत पहिल्या वाटेकडे होते. खर्च वाचतो, दिवस वाचतात, म्हाताऱ्याचे हाल वाचतात. “इतक्या वर्षांच्या अनुभवाने अंदाज नाही का येणार?” असे मीच विचारले. त्या म्हणाल्या, “येईल. पण अंदाज चुकला तर तो आज कळणार नाही.”

हे वाक्य मला पुढे पुष्कळ दिवस छळत राहिले. मज्जारज्जू करंगळीहून जाड नसतो. रोज २ ग्रे याप्रमाणे एकूण ४५ ते ५० ग्रेपर्यंतची मात्रा तो सहसा सोसतो. पण मूत्रपिंडातून आलेली गाठ अशा थेंबाथेंबाने दिलेल्या किरणांना फारशी दाद देत नाही. तिला चार-पाच दिवसांतच मोठी मात्रा द्यावी लागते. म्हणजे गाठीवर मुसळधार आणि तिच्यापासून काही मिलिमीटरवरच्या मज्जारज्जूवर शिंतोडेच, असा हिशेब जमवावा लागतो. चुकून मज्जारज्जूवर अधिक मात्रा पडली तर त्या दिवशी काहीच होत नाही. माणूस चालत घरी जातो. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी पाय बधिर होऊ लागतात, आणि मग ते परत आणणारा उपाय जवळजवळ नाही. उलट मज्जारज्जूच्या भयाने किरण दूर धरले, तर जी पट्टी कोरडी राहते तेथूनच गाठ पुन्हा डोके वर काढते. दोन्ही चुका शांतपणे घडतात. जी चूक ताबडतोब ओरडते ती माणसाला शहाणे करते. जी मागाहून ओरडते तिच्याविरुद्ध आपल्याजवळ आधी पाहून घेणे एवढेच हत्यार असते.

मग शक्य तेवढे सगळे पाहावे, असा नियम करावा काय? आमच्या घरात दुसरा पक्ष तोच होता. ‘एकदा काय ते सगळ्या शरीराचे पुन्हा स्कॅन करून टाका, मनाची शांती तरी होईल,’ असे माझ्या एका मावसभावाने सुचवले. डॉक्टरांनी नकार दिला. तसे स्कॅन शस्त्रक्रियेपूर्वी झालेच होते. आज पुन्हा करून पुढे करावयाच्या गोष्टीत काडीचाही बदल होणार नव्हता, आणि त्यात आठवडा गेला असता.

मला वाटते, या नकारात आणि आधीच्या आग्रहात एकच नीती आहे. ज्या पाहण्याने आपले पुढचे पाऊल बदलू शकते, ते पाहणे कर्तव्य आहे. ज्या पाहण्याने केवळ पाहणाऱ्याचे मन हलके होते, ते पाहणे चैन आहे. आणि तिची किंमत दुसऱ्याच्या शरीराने भरायची असेल, तर ती चैन पाप होऊ लागते. मनाची शांती क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. रात्ररात्र जागणाऱ्या माणसाला ती औषधासारखी लागते. पण ती कुणाच्या पाठीत सुई खुपसून मिळवायची नसते.

येथे कुणी म्हणेल, पाहण्याचा एवढा आग्रह कशाला? पूर्वीची माणसे पाहिल्यावाचूनच करत होती ना? करत होती. पाठीच्या कण्यातली गाठ यशस्वीपणे काढण्याची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्सली यांनी १८८७ साली केली. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर आठ वर्षांनी लागावयाचा होता. विल्यम गॉवर्स यांनी रुग्णाची वेदना कोठे आहे, संवेदना कोठवर गेली आहे एवढ्यावरून गाठीची जागा सांगितली. हॉर्सली यांनी पाठ उघडली, तर तेथे गाठ नव्हती. त्यांनी आणखी वरचे हाड काढले, आणि तेथे ती सापडली. तो रुग्ण पुढे हिंडूफिरू लागला. या हकीकतीतून पाहण्याची गरज नाही असा अर्थ काढणे चूक होईल. शस्त्र हातात असलेल्या माणसाला चुकलेली जागा डोळ्यांदेखत दिसते आणि हात वर सरकवता येतो. किरण सोडणाऱ्याला ती सोय नाही. ज्याला चुकीची दुरुस्ती करता येते त्याने थोड्या माहितीवर धाडस करावे; ज्याला येत नाही त्याने आधी कंदील लावावा.

आणि कंदील लावूनही सगळे दिसत नाही, हे तर आहेच. नवा एमआरआय झाला. बहुतेक ठिकाणी मज्जारज्जू दिसला. आठव्या मणक्याच्या वर-खाली, नेमका स्क्रूंपाशी, दिसला नाही. नंतर मायलोग्राम झाला त्यातही एका बाजूची कड पुसटच राहिली. तेव्हा डॉक्टरांनी काय केले, ते मला नीट पाहता आले. त्यांनी जुना एमआरआय, नवा एमआरआय आणि सीटी ही तिन्ही चित्रे संगणकावर एकावर एक बसवली. जेथे दोन चित्रांचे एकमत होते तेथे रेघ ओढली. जेथे मतभेद होता तेथे कोणते चित्र का खरे धरले, याची नोंद केली. आणि अखेर मज्जारज्जूच्या रेघेबाहेर सर्व बाजूंनी दीड-दोन मिलिमीटरची आणखी एक रेघ ओढली. ही कशासाठी, म्हणून मी विचारले. “ही आमच्या न दिसण्याची जागा,” त्या म्हणाल्या. “श्वासाने शरीर हलते, चित्र सरकते, आमचा हात चुकतो. त्या सगळ्यासाठी एवढी जागा सोडायची.”

मला एकदम धुळ्याची आठवण झाली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ निघाले. त्यांनी जमवलेली कागदपत्रे व पोथ्या पाहायला मी मुलांना घेऊन जातो. पोथी छापून काढणाऱ्या संपादकापुढे हाच पेच असतो. एका प्रतीत ओळ कसरीने खाल्लेली असते, दुसरीत नक्कलकाराने चूक केलेली असते, तिसरी अर्धीच असते. प्रामाणिक संपादक सर्व प्रती शेजारी मांडतो, पाठभेद टिपतो, आणि जेथे कोणत्याच प्रतीतून अक्षर हाती लागत नाही तेथे टिंबे देऊन पुढे जातो. अप्रामाणिक संपादक तेथे स्वतःची ओळ घालतो. ती ओळ पुष्कळदा मूळच्यापेक्षाही गोड असते. आणि म्हणूनच ती अधिक वाईट, कारण पुढे शंभर वर्षे कुणाला तिचा संशय येत नाही. जे दिसले नाही तेथे आशेनेही भर घालू नये आणि भीतीनेही घालू नये; जागा सोडावी आणि जागा सोडली आहे असे लिहून ठेवावे, एवढाच या दोन्ही धंद्यांचा धर्म आहे.

हे सारे मी इतक्या तन्मयतेने पाहिले, त्याचे मनोमन कौतुक केले, आणि मी स्वतः काय करत होतो? मी आबांच्या पोथीत स्वतःची ओळ घातली होती. ‘हाड झिजले होते.’ गोड ओळ. यंत्रांनी सगळे पाहावे, डॉक्टरांनी पाहावे, जळगावहून रात्रीच्या गाडीने चित्रे आणून आम्ही सर्वांनी पाहावे. आणि ज्याची पाठ, त्याने मात्र काही पाहू नये, अशी आमची व्यवस्था होती.

ती मोडली मायलोग्रामच्या आदल्या दिवशी. संमतिपत्र पुढे आले. मी सही करायला पेन काढले. डॉक्टरांनी कागद मागे घेतला. “आजोबा शुद्धीवर आहेत, वाचतात, समजतात. सही त्यांची लागेल. त्यांना काय सांगितले आहे तुम्ही?”

खोलीत कुणी बोलेना. मामींनी पदर तोंडाशी धरला. मग पलंगावरून आबाच म्हणाले, “मनी पाठ शे ना? मंग मालेच का बरं दखाडत नहीत?”

माझ्या शिक्षकी आयुष्यात मला अनेक मुलांनी निरुत्तर केले आहे. पण त्या एका वाक्याने जितका झालो तितका कधी झालो नव्हतो. डॉक्टर त्यांच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी संगणकावरची चित्रे आबांकडे वळवली. गाठ होती हे सांगितले, ती कोठून आली हे सांगितले, काढल्यावरही काही उरली आहे हे सांगितले. सुईने काय मिळेल, काय त्रास होईल, न केल्यास काय होऊ शकेल, हेही सांगितले. आबांनी मध्येच थांबवून एकच अट घातली. “जे दिसनं ते सांगा ताई, जे नही दिसनं ते बी सांगा.”

शेवटी डॉक्टरांनी किरणांची वाट कशी आखतात ते समजावले, तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर ओळखीचे भाव आले. “पाणीले वाट मालूम नही ऱ्हास,” ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “पाटकरीले मालूम पाहिजे.” आणि त्यांनी सही केली. अक्षर थरथरत होते, पण ओळ सरळ होती.

आपल्या समाजात रुग्णापासून रोग लपवणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. ते प्रेम खोटे असते असे मी म्हणणार नाही. माझे खोटे नव्हते. प्रत्येकाला सगळे एकाच बैठकीत सांगावे असाही माझा आग्रह नाही. सगळे ऐकायचे नाही असे म्हणण्याचा हक्कही रुग्णाचाच आहे, आणि काही माणसे तो बजावतात. पण तो त्याने बजावायचा असतो. आपण त्याच्या वतीने परस्पर बजावून टाकतो. त्याच्या सहनशक्तीचा अंदाज आपण बांधतो, आणि तोही कशावरून? बहुधा आपल्या स्वतःच्या भीतीवरून. आबांना धक्का सोसणार नाही असे मी म्हणत होतो. ज्याला धक्का सोसणार नव्हता तो मी होतो. मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहून तो शब्द उच्चारायचा नव्हता. माझे ते लपवणे माझ्या मनाच्या शांतीसाठी होते, आणि तिची किंमत ते भरत होते. परक्याच्या पाठीत सुई खुपसून मिळवलेल्या शांतीला मी वर पाप म्हटले आहे. तो शब्द मला परत घेता येत नाही.

मायलोग्राम झाला. दोन दिवस डोके दुखले. पाच दिवस किरणोपचार चालला. आबा धुळ्याला परतले.

शेवट गोड झाला असे लिहिण्याचा मोह मला होतो, सवय आहे. पण टिंबांची जागा टिंबांनाच सोडली पाहिजे. मूत्रपिंडातला रोग गेलेला नाही. त्याची औषधे चालू आहेत. दर तीन महिन्यांनी एमआरआय होतो. आठव्या मणक्यापाशी अजून तरी काही उगवलेले दिसत नाही, आणि स्क्रूंजवळचा तो भाग अजूनही नीट दिसत नाही. दोन्ही वाक्ये अहवालात एकाखाली एक असतात. आबा काठी टेकत बंधाऱ्यापर्यंत जातात. तपासणीला निघाले की माझ्या खांद्याला पिशवी असते, आणि चित्रांच्या तबकड्या असलेला लिफाफा त्यांच्या स्वतःच्या हातात. तो ते आता कुणालाच धरू देत नाहीत.